सात नंबरचा रुपया

आमच्या तांदळाच्या डब्यात तळाशी दोन वर्षं एक रुपया होता. तांदूळ संपत आले की मी लगेच नवे आणून वर ओतायचे, म्हणजे डब्याचा तळ कधी उघडा पडू नये. नवऱ्याला वाटायचं, बायको साठा करून ठेवणारी आहे. तो कौतुक करायचा आणि मला ते ऐकवत नसे.

तो रुपया माझा नव्हता. ज्या घरी मी स्वयंपाक आणि फरशी-भांडी करते, त्या घरातला होता. मी तो चोरला नव्हता, पण कोणी डबा उपडा केला असता तर मला दुसरं काही सांगता आलं नसतं.

बिबवेवाडीतल्या एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर काका-काकू राहायचे. मुलगा बंगळुरूला. काकांना जुन्या नाण्यांचा नाद होता. रोज अकरा वाजता जेवणाच्या टेबलावर हिरवं कापड अंथरायचे, लाकडी पेटी काढायचे, भिंग डोळ्याला लावायचे. काकू त्या पेटीला सवत म्हणायच्या. काकांना दाखवायला कोणी नसे, म्हणून मी फरशी पुसत टेबलाखाली आले की म्हणायचे, "थांब जरा. हे बघ, आणि सांग मला, खरं का खोटं."

मी चौथीपर्यंत शिकले. लोकांच्या घरात मला बोलायला जमत नाही. पण आकडे मला येतात, इंग्रजीतलेसुद्धा, आणि बघायला बोलावं लागत नाही. ओला हात पदराला पुसून मी बघायचे. काकांनी मला शिकवलं की नाणं कडेनं धरायचं, तोंडावर बोट ठेवायचं नाही. राणीछाप रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, काट्यावर कमी भरला तर संशय घ्यायचा. कडेवरच्या रेघा सारख्या हव्यात. मग बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्यानं हलकेच टिचकी मारायची. चांदी असेल तर बारीक, लांब आवाज येतो, कानातून निघून गेला तरी थोडा राहतो. आत दुसरं काही असेल तर बद्द वाजतं. लढाईच्या दिवसांतल्या रुपयात चांदी निम्मीच, आणि अगदी शेवटचे रुपये तर लोहचुंबकाला चिकटतात. "इंग्रज जाताना रुपयातली चांदी काढून घेऊन गेले," काका म्हणायचे, "आणि मुंडकं तेवढं आपल्याला ठेवलं."

आवाजाचं मला पटकन कळायला लागलं. काका पाठमोरे बसून दोन नाणी वाजवायचे आणि मी सांगायचे, पहिलं खरं. एवढं एक वाक्य मी त्या घरात न अडखळता बोलायचे. पेटीत अकरा रुपये वेगळ्या कागदी पाकिटांत होते, प्रत्येकावर नंबर. त्यांची एक वही होती. ती वही मात्र त्यांनी मला कधी वाचायला दिली नाही आणि मीही मागितली नाही.

दोन वर्षांमागच्या दिवाळीत काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. पडद्याचं होतं, चार दिवस दवाखान्यात राहायला लागलं. मुलगा तिकडे त्यांच्याजवळ. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी काकूंना पूजेचे दोन चांदीचे रुपये सापडेनात. ते काका आपल्या हातानं काढून देत. शेवटी काकूंनी पेटीच उघडली, अकरा पाकिटं माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "घास हे सगळे. लक्ष्मीनं काय काळं तोंड घेऊन पाटावर बसायचं?"

मला माहीत होतं, काका या नाण्यांवर बोट लागू देत नाहीत. पण घासू नये असं त्यांनी कधी म्हटलं नव्हतं, कारण कोणी घासेल असं त्यांच्या मनातच आलं नसणार. मला वाटलं, म्हणावं, काकू, काकांना फोन करून विचारूया. ते वाक्य मी सगळं मनात जुळवलं. तोंड उघडलं नाही. दिवाळीला आम्ही घरी चांदीचं जे काही असेल ते चिंच आणि रांगोळीनंच घासतो. माझ्या आईनं तसंच केलं, सगळ्यांच्याच आया तसंच करतात. मी चिंच भिजत घातली.

सहा रुपये पांढरेशुभ्र निघाले. सातवा घेतला. अंगठ्यानं रांगोळी फिरवत होते आणि राणीच्या नाकाचा शेंडा लाल झाला. मला वाटलं चिंचेचा डाग. अजून घासलं. गाल लाल झाला, मग कपाळ, मग मागचा अंबाडा. पाण्याखाली धरलं तर तांब्याच्या लोट्यासारखं तोंड माझ्याकडे बघत होतं.

माझ्या हातून चांदी निघाली होती. तेव्हा मला एवढंच कळलं. मी काकांच्या रुपयाची चांदी मोरीत घालवली. मी नळ बंद केला. काकू बाहेर झेंडूची फुलं निवडत होत्या. मी तो रुपया चोळीत टाकला आणि उरलेले चार कसेबसे घासले. घासताना डोळे मिटत होते, पुन्हा कुठे लाल दिसेल म्हणून.

आता दहाच होते. संध्याकाळी पाटावर काकू मोजणार. मी दुपारी घरी आले, ट्रंक उघडली. माझ्या लग्नात पाठवणीच्या वेळी आईनं माझ्या ओटीत एक राणीछाप घातला होता. आई गेल्यावर तिची माझ्याजवळ राहिलेली ती एकच वस्तू. तो काळा होता, आणि अक्षरांच्या खाचांत हळदीकुंकू बसलेलं होतं, किती वर्षांचं कोण जाणे. कामावर आणून तोही मी घासला, बाकीच्यांत मिसळावा म्हणून. हळद निघता निघेना, मी काडीनं कोरून काढली. सालाचे आकडे वेगळे होते, ते मी बघितले. तरी सात नंबरच्या पाकिटात आईचा रुपया घातला. संध्याकाळी पूजा झाली, काकूंनी मला फराळ बांधून दिला आणि म्हणाल्या, बघ, आता कसे लखलखतात.

मी हे का केलं ते समजायला काकूंच्या शेजारच्या इमारतीत काय झालं ते माहीत पाहिजे. तिथे कामाला येणाऱ्या एका बाईवर अंगठीचा आळ आला होता. चौकीवर दिवसभर बसवून ठेवली. आठ दिवसांनी अंगठी कपडे धुण्याच्या मशीनच्या रबरात सापडली. पण तोवर त्या बाईची चारही घरं सुटली होती, आणि अंगठी सापडल्यावर एकानंही परत बोलावलं नाही. ती आता कुठे असते मला ठाऊक नाही. मला दोनच घरं आहेत.

काका परत आले. महिन्यानं डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर त्यांनी पेटी उघडली. मी पोळ्या लाटत होते. मग त्यांनी विचारलं, यांना आंघोळ कोणी घातली? काकू म्हणाल्या, दिवाळी होती, सगळ्यांनाच घातली. काका दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. त्या दोन दिवसांत मला जेवण गेलं नाही. दरवाज्याची बेल वाजली की वाटायचं, कोणीतरी मला न्यायला आलंय.

तिसऱ्या दिवशी मी टेबलाखाली पुसत असताना त्यांनी एक पाकीट काढलं. मी नंबर बघितला, सात. त्यांनी रुपया बोटावर तोलला आणि टिचकी मारली. आवाज लांब गेला. ते ऐकत राहिले. पुन्हा वाजवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "वय झालं की माणसाचा आवाज बसतो. याचा सुधारलाय."

मी खाली मान घालून त्याच फरशीवरून तीनदा फडकं फिरवलं. त्यांनी थोडी वाट बघितली, निदान आता मला तसं वाटतं. मग रुपया पाकिटात घालून पेटी मिटली. त्यानंतर त्यांनी मला नाणी ओळखायला बोलावलं नाही. मी ते शिक्षा म्हणून घेतलं. पुढच्या उन्हाळ्यात ते झोपेतच गेले.

त्यानंतरच्या वर्षी सगळी भीती त्या पेटीपाशी येऊन थांबली. पेटी कपाटात होती तोवर ठीक होतं. मी कपाटाच्या बाजूनं झाडू मारायचे तेव्हासुद्धा त्याच्याकडे पाठ करून. डब्यातला लाल रुपया परत ठेवावा तर आईचा काढावा लागणार, आणि तेवढ्यात कोणी बघितलं तर संपलं. टाकून द्यावा तर दुसऱ्याची वस्तू. अर्धा किलो तांदूळ उरला की मी दुकान गाठायचे.

यंदा गणपती झाल्यावर मुलगा आला. मी त्याला दादा म्हणते, तो मला ताई म्हणतो, कधी आवाज चढवत नाही. तो म्हणाला की आईनं आता एकटं राहू नये, घर आवरायला सुरुवात करू, आणि बाबांची नाणी एखाद्या जाणकाराकडून बघून घेऊन विकून टाकू. बुधवार पेठेत एक दुकान त्यानं शोधलं होतं. काकू म्हणाल्या, "माझी सवत आहे ती. पोचवायला मी येणार." त्यांचे गुडघे दुखतात, जिना उतरताना धरावं लागतं. म्हणून मलाही चल म्हणाल्या.

मी त्या सकाळी घरी डब्यात हात घातला. तांदळातून रुपया काढला आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला. काय करणार होते ते माझं मलाच माहीत नव्हतं. कधी वाटे, संधी मिळाली तर गुपचूप बदलीन. कधी वाटे, सांगून टाकीन. रिक्षा मंडईपाशी गर्दीत अडकली तेव्हा वाटलं, इथेच उतरून चालू लागावं.

दुकान लहान होतं, एका माणसानं हात पसरले तर दोन्ही भिंती लागाव्यात. काचेच्या कपाटापलीकडे एक वयस्कर गृहस्थ बसलेले. काकूंना स्टूल दिलं. मी दाराशी उभी राहिले. दादा वही उघडून एकेक नंबर वाचत होता आणि शेठ एकेक रुपया काट्यावर ठेवत होते, भिंगातून बघत होते. पहिले सहा झाल्यावर त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"घासली कोणी ही?" त्यांनी विचारलं.

काकू छताच्या पंख्याकडे बघत होत्या. शेठ दादाला समजावू लागले. चांदी पुरेपूर आहे, वजन पुरेपूर आहे, त्यात खोट नाही. पण हौशी माणूस चांदीला पैसे देत नाही. नाण्यावर वर्षानुवर्षं जो काळा थर चढतो त्याला देतो, अक्षरांच्या धारेला देतो. रांगोळी म्हणजे दगडाची पूड. तिनं राणीच्या गालावर ओरखडे पाडलेत. पाच नंबरचं साल कमी सापडतं, त्याला गिऱ्हाईक धावत आलं असतं. आता तो मोडीच्या भावानं जाईल. दादानं हळू विचारलं, किती फरक पडेल? शेठ म्हणाले, विचारू नका, आज जेवायचंय तुम्हाला.

मग दादानं सातवा नंबर वाचला. काकांचे शब्द त्याच्या आवाजात आले. "राणीछाप. खोटा. तांब्यावर चांदीचं पाणी. नमुना म्हणून ठेवला. विकू नये."

मला आधी काहीच कळलं नाही. खोटा हा शब्द ऐकला आणि वाटलं, मला म्हणतायत.

शेठनी सातवा रुपया काट्यावर ठेवला. तोळा भरला. बोटावर घेऊन वाजवला. तो आवाज मी डोळे मिटूनही ओळखला असता. त्यांनी कडा बघितली, साल बघितलं, वही आपल्याकडे ओढून साल पुन्हा बघितलं. "हा खोटा नाही," ते म्हणाले. "आणि हा वहीतलाही नाही. नाणं बदललंय."

दादा आईकडे वळला. "आई, कपाट कोणाच्या हाताखाली असतं?"

त्यानं माझ्याकडे बघितलं नव्हतं. बघू नये म्हणून तो जपत होता, आणि तेच मला जास्त लागलं. काकूंनी तोंड उघडायच्या आत मी पुढे गेले. पदराची गाठ सुटेना, घामानं कापड घट्ट झालं होतं. दातानं सोडवली. लाल रुपया काचेवर ठेवला.

"हा तुमचा," मी म्हणाले. "तो माझा आहे. माझ्या आईचा. दिवाळीला घासताना याची चांदी निघाली. मला वाटलं मीच घालवली. भरपाई म्हणून माझा ठेवला."

एवढं सलग मी परक्या माणसांपुढे कधी बोलले नव्हते. बाहेरून एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला.

शेठनी लाल रुपया उचलला, काट्यावर ठेवला. तोळ्याला बराच कमी. वाजवला, बद्द. वहीतलं साल जुळलं. त्यांनी चष्मा काढला. "चाळीस वर्षं या दुकानात बसतोय. खरं नेऊन खोटं ठेवणारे खूप बघितले," ते म्हणाले. "खोटं नेऊन खरं ठेवणारी चोरी पहिल्यांदा बघतोय. बाई, तुम्ही आमच्याकडेही येत जा."

दादाला हसू आलं आणि त्यानं ते दाबलं. मला हसावं की रडावं कळेना. मी खोट्या रुपयासाठी खरा दिला होता. जे घालवलं म्हणून दोन वर्षं जीव मुठीत धरला, ते मुळात तिथे नव्हतंच. आणि हे काकांनी शिकवलेल्या गोष्टींतूनच मला कळायला हवं होतं. मी तो लाल रुपया एकदाही वाजवून बघितला नव्हता. हातात घ्यायचीच भीती वाटायची.

तेवढ्यात काकू म्हणाल्या, "घासायला मी सांगितलं होतं."

दादा वळला. काकू त्याच्याकडे न बघता बोलत होत्या. "सगळी. हिची काही चूक नाही. तुझ्या वडिलांनाही मी तसं सरळ सांगितलं नाही. आता मोडीच्या भावाचं काय ते मला बोल."

दादानं वही मिटली. मग माझ्या आईचा रुपया काचेवरून माझ्याकडे सरकवला. मला तो उचलता येईना. त्या पेटीतून निघालेली वस्तू सगळ्यांसमोर हातात घ्यायची, या विचारानंच बोटं आखडली. शेठ म्हणाले, उचला, तुमचाच आहे. तरी नाही. शेवटी काकू स्टुलावरून वाकल्या, माझा पदर ओढला, रुपया त्यात ठेवला आणि गाठ मारली. "आता दातानं सोडवू नकोस," त्या म्हणाल्या. "मला तुझ्या दातांचा खर्च परवडायचा नाही."

परतीच्या रिक्षात मला काकांचं ते वाक्य आठवलं. आवाज सुधारलाय. त्यांना सगळं कळलं होतं, त्याच दिवशी. खोट्या रुपयाच्या जागी खरा आला म्हणजे घरात कोणी आणला असेल, हेही. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मी एक शब्द बोलले असते तर ते हसले असते आणि वही माझ्यापुढे टाकली असती. किंवा नसते हसले. मी त्यांची दहा खरी नाणी खराब केली होती, ते काही खोटं नव्हतं. हे आता कोणाला विचारायचं?

दुसऱ्या दिवशी कामावर गेले तेव्हा बेलवर बोट ठेवून किती वेळ उभी होते. आज सांगतील, उद्यापासून येऊ नकोस. दार आतूनच उघडलं. काकू म्हणाल्या, "बेल वाजवायला मुहूर्त बघतेस का? कणीक मळायची आहे."

काम राहिलं. दादा जाताना मला नीट बोलून गेला, काकूंकडे लक्ष ठेवा म्हणाला. पण कपाटाची किल्ली पूर्वी फ्रीजवर असायची, ती तो बंगळुरूला घेऊन गेला. मी फ्रीज पुसते तेव्हा तिथला किल्लीचा गोल डाग तसाच ठेवते.

आईचा रुपया ट्रंकेत आहे, कागदात. त्याच्यावरही ओरखडे आहेत, शेठनी भिंगातून दाखवले होते. खाचांतली हळद गेली ती गेली. दिवाळीला माझ्या मुलीनं चिंच भिजवली आणि म्हणाली, आण आजीचा रुपया. मी म्हटलं, नको. मुलीनं विचारलं, का? मी तिला खाली बसवलं, रुपया बोटावर तोलला आणि वाजवून दाखवला. मग कडेनं धरायला शिकवलं. तसाच न धुता पाटावर ठेवला, वर हळदीकुंकू वाहिलं.

काळा थर कडेपासून चढायला लागलाय. केसाएवढी रेघ आहे अजून. मी रोज बघत नाही, महिन्यातून एकदा बघते, दिवसा उजेडात, दार लावून. दार अजूनही लावूनच घेते.